‘सरकारी नोकर’ की शिक्षेचा कैदी?

प्रश्न: “माझी मुलगी सिडनीला असते. जावई तिथलाच, मूळ इंग्रज घराण्यातला. विहीणबाईंनी त्यांच्या घराण्याची माहिती जमवली आहे आणि नातवासाठी ती मी मराठीत लिहिते आहे. १८२८ च्या खानेसुमारीत त्यांच्या एका पूर्वजापुढे ‘गव्हर्नमेंट सर्व्हंट’ असं आहे. मी ‘सरकारी नोकर’ लिहिलं, तर विहीणबाई म्हणाल्या, ‘अहो, ते कन्व्हिक्ट होते, इंग्लंडहून ट्रान्सपोर्ट झालेले.’ मग ‘काळ्या पाण्यावर गेलेले’ म्हणू का? आणि त्यांना ‘तो’ म्हणायचं की ‘ते’?”

ताई, ‘सरकारी नोकर’ आधी काढून टाका. आपल्याकडे त्या शब्दाला पगार, बढती आणि पेन्शन चिकटलेलं आहे. सिडनी ज्या वसाहतीत होतं त्या न्यू साउथ वेल्सच्या खानेसुमारीत, म्हणजे जनगणनेत मात्र ‘गव्हर्नमेंट सर्व्हंट’ म्हणजे अजून शिक्षा भोगत असलेला माणूस. तो बहुधा एखाद्या खाजगी जमीनदाराच्या शेतावर राबायचा. त्याच्या श्रमावर हक्क सरकारचा आणि सरकारने तो त्या जमीनदाराकडे नेमून दिलेला. अन्न-कपडा मिळे, ठरलेली मजुरी नाही. मी इथे ‘शिक्षेचा कैदी, नेमणुकीवर’ असं लिहीन. आपल्या तुरुंगखात्याचा ‘सिद्धदोष बंदी’ हा शब्द अचूक आहे, पण नातवाला वाचून दाखवताना तो घशात अडकेल.

या खानेसुमारीचं पान समोर आलं की मी त्यात रमतो. एकेका ओळीत नाव, वय, जहाज, आल्याचं वर्ष, शिक्षा, धर्म, काम, कुणाकडे राहतो, आणि शेवटी एकर, घोडे, गुरं, मेंढ्या. माणूस कसा आला ते दोन अक्षरांत सांगितलेलं असतं, आणि भाषांतर घसरतं ते तिथेच. ‘सी. एफ.’ म्हणजे आपखुशीने आलेला. ‘बी. सी.’ म्हणजे वसाहतीतच जन्मलेला. ‘एफ. एस.’चा विस्तार ‘फ्री बाय सर्व्हिट्यूड’. त्याचं ‘गुलामीतून मुक्त’ असं केलेलं मी पाहिलं आहे आणि ते साफ चूक आहे. तो माणूस शिक्षेची वर्षं पुरी भरून मोकळा झालेला असतो, कुणी त्याला सोडवलेलं नसतं.

‘टी. एल.’ म्हणजे ‘तिकीट ऑफ लीव्ह’. ‘रजेचं तिकीट’ म्हटलं तर नातू विचारेल, आजी, सुट्टीवर गेले होते का? खरं तर ‘रजा’ शब्दाचा जुना अर्थ इथे नेमका बसतो. मूळ अरबी शब्द संमतीचा, मर्जीचा. ‘आता रजा द्या’ म्हणताना आपण अजूनही परवानगीच मागत असतो. पण आज नुसती ‘रजा’ वाचली की कॅलेंडरच डोळ्यांपुढे येतं, म्हणून ‘मोकळीकीचा परवाना’ म्हणा. तो हातात असला की कैद्याला नेमून दिलेल्या इलाख्यात स्वतःच्या मजुरीवर काम करता येई. शिक्षा मात्र चालूच, आणि हजेरी चुकवायची नाही.

हजेरीसाठी त्यांच्याकडचा शब्द ‘मस्टर’. इथे तुम्हाला काही शोधायलाच नको. रोजगार हमीच्या कामावरच्या माणसालाही मस्टर म्हणजे काय ते ठाऊक असतं. ‘इंडेंट’ शब्दाने मात्र फसू नका. आपल्या कचेऱ्यांत इंडेंट म्हणजे मागणीपत्रक. कैद्यांच्या जहाजाचं ‘इंडेंट’ हा ताबा देण्या-घेण्याचा कागद होता. जहाजवाल्याकडून गव्हर्नरकडे माणसं सुपूर्द झाली, त्याची यादी. मी त्याला ‘ताबेयादी’ म्हणतो. पुढच्या काळातल्या याद्यांत मूळ गाव, धंदा, गुन्हा, खटल्याचं ठिकाण, उंची, रंग, अंगावरचे व्रण, गोंदण, सगळं येतं. ‘चेहरेपट्टी’ आणि ‘अंगखुणा’ हे आपले दोन शब्द तिथे चपखल बसतात. मूळ गाव आणि खटल्याचं गाव बरेचदा वेगळं असतं. वंशावळ लावताना दोन्ही लिहा, कारण जन्माची नोंद एका गावच्या चर्चमध्ये सापडते आणि कोर्टाची दुसऱ्याच गावी. नावानंतर ‘पर’ आणि पुढे जहाजाचं नाव दिसलं तर ‘प्रति’ लिहू नका, ‘अमुक जहाजाने आलेला’ लिहा. एकाच नावाची माणसं खंडीभर असतात. जहाज आणि वर्ष जुळलं तरच आपला माणूस.

आता ‘ट्रान्सपोर्ट’. वाहतूक तर नव्हेच. इंग्रज न्यायाधीशाच्या निकालात ‘समुद्रांपलीकडे’ असे शब्द असत आणि मुदत सात वर्षं, चौदा वर्षं किंवा आयुष्यभर. १७१८ च्या कायद्यानंतर अशी माणसं अमेरिकेच्या वसाहतींत जात. त्या स्वतंत्र झाल्यावर ती वाट बंद झाली, थेम्सवर नांगरलेली जुनी जहाजं कैद्यांनी भरली, आणि १७८७ च्या मे महिन्यात अकरा जहाजांचा पहिला ताफा पोर्ट्समथहून निघाला. १८६८ मध्ये शेवटचं जहाज पश्चिम ऑस्ट्रेलियात लागेपर्यंत सुमारे १ लाख ६० हजार माणसं गेली.

‘तडीपार’ इथे चालणार नाही. पोलीस कायद्याने हद्दीबाहेर काढलेला गुंड त्या हद्दीपलीकडे मोकळा फिरू शकतो. ‘हद्दपार’ जवळचा, पण त्यात पहारा नाही, सक्तीचं काम नाही. ‘काळं पाणी’ हा शब्द मलाही मोहात पाडतो, कारण शिक्षा तीच आहे. आपल्या दंडसंहितेतही ती होती आणि १९५५ च्या दुरुस्तीने तिच्या जागी जन्माची कैद आली. माणसांची ने-आणही दोन्ही दिशांनी चाले. हिंदुस्थानातले कैदी पेनांग, सिंगापूर, मॉरिशसला जात, १८५८ पासून अंदमानला. उलट तिकडचे चिनी कैदी महाबळेश्वरला आणलेले होते, आणि तिथल्या भाजीच्या वाफ्यांवर ते राबले.

तरीही तुमच्या लेखात मी ‘काळं पाणी’ घालणार नाही. त्या दोन शब्दांत समुद्र ओलांडला की जात गेली ही भीती आहे, सेल्युलर जेलचा कोलू आहे, सावरकरांची पन्नास वर्षांची शिक्षा आहे. मराठी वाचकाला ते वाचून क्रांतिकारक आठवणार. इंग्लंडहून गेलेल्यांतही शपथ घेऊन संघटना बांधली म्हणून १८३४ मध्ये शिक्षा झालेले टॉलपडल गावचे सहा शेतमजूर होते, पण बहुतेकांचा गुन्हा चोरीचा. त्यांना उगाच हुतात्मा करू नये आणि ‘गुन्हेगार’ म्हणून एका शब्दात निकालातही काढू नये. ‘समुद्रापार हद्दपारी आणि सक्तमजुरी’ असं एकदा पूर्ण लिहा, पुढे ‘शिक्षेवर आलेले’ पुरे.

‘तो’ की ‘ते’, हा प्रश्न मला सगळ्यांत आवडला, कारण विहीणबाईंना इंग्रजीत तो पडलाच नसणार. ताबेयादीतली ओळ उतरवताना ‘तो’ लिहा, कारण कारकुनापुढे उभा असलेला तो एक कैदी होता. तुमच्या स्वतःच्या वाक्यात ‘ते’. आपल्या कुलवृत्तांतांत घराणं ज्याच्यापासून सुरू होतं त्याला मूळपुरुष म्हणतात, आणि मूळपुरुषाला कुणी ‘तो’ म्हणत नाही. म्हणजे असं: “आमच्या जावयांच्या घराण्याचे मूळपुरुष सात वर्षांच्या शिक्षेवर अमुक जहाजाने सिडनीला आले. १८२८ च्या खानेसुमारीत त्यांची नोंद शिक्षेचा कैदी अशी आहे.”

त्यांची बायकोही शिक्षेवर आलेली होती का, तेवढं विहीणबाईंना विचारा. गेलेल्यांत दर सहा-सात माणसांमागे एक बाई होती. असेल तर तिचं जहाज, तिचं वर्ष, तिच्या अंगखुणा वेगळ्या लिहा, नवऱ्याच्या ओळीत मिसळू नका. तिला ‘त्या’ म्हणायलाच हवं असं नाही. आपण आजोबा आले म्हणतो आणि आजी आली म्हणतो. तिला ‘ती’ म्हटलं तर नातवाला ती जवळची वाटेल.