रेझिन काचेला का सोडतं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही रत्नागिरीजवळ फायबरच्या होड्या बांधतो. पावसाळ्यात केलेल्या कामात मॅटचे (काचतंतूंच्या तुकड्यांच्या चटईचे) तंतू पांढरे दिसतात आणि ठोकून पाहिलं तर थर सुटलेला असतो. हार्डनर वाढवावा का?

अजिबात नको. हार्डनर रेझिन लवकर घट्ट करतो, काचेवरची पकड वाढवत नाही. एमईकेपी (तुमचा हार्डनर) साधारण १ ते २ टक्के, तेही पुरवठादाराने दिलेल्या मापात. जास्त झाला तर मॅट पूर्ण भिजायच्या आत रेझिन जेल होतं, तापतं आणि आकसतं. (आणि कामगारांना पुन्हा पुन्हा बजावा : कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रावण) आणि एमईकेपी थेट एकत्र करायचे नाहीत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळा, हार्डनर नंतर.)

पांढरा दिसणारा तंतू म्हणजे जिथे रेझिन पोचलंच नाही अशी जागा. तुमच्याकडे पहिला संशय ओलाव्यावर. मॅटचे रोल फरशीवर उघडे पडलेले असतील तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून लाकडी फळ्यांवर ठेवा आणि लागेल तेवढंच कापून बाहेर काढा. दुसरं म्हणजे घाई. मॅटमधले तुकडे बाइंडरने एकमेकांना चिकटवलेले असतात आणि तो बाइंडर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये (रेझिन पातळ ठेवणाऱ्या द्रवात) विरघळायला थोडा वेळ लागतो. रेझिन लावल्यावर जरा थांबून कोपऱ्यातला एक तंतू चिमटीत धरून ओढा. सहज मोकळा झाला तर रोलर फिरवा. पाण्याखालच्या भागासाठी इमल्शन बाइंडरपेक्षा पावडर बाइंडरची मॅट घ्या. तिथे फोड येण्याचा धोका कमी.

प्रश्न : हीच मॅट एपॉक्सी या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनबरोबर चालेल का?

बहुतेक नाही. एपॉक्सीत स्टायरीन नसतं, बाइंडर विरघळत नाही, मॅट ताठच राहते. एपॉक्सीला चालणारं सायझिंग (तंतूंवर कारखान्यातच दिलेला लेप) असलेलं विणलेलं किंवा शिवलेलं कापड मागा.

प्रश्न : इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टसाठी काचतंतूंवर सिलेन (काच आणि रेझिन जोडणारं रसायन) लावायचं आहे. आधीचं सायझिंग भट्टीत जाळून टाकू का?

जाळलंत तर सायझिंगबरोबर तंतूची बरीचशी ताकदही जाईल. ४५०-५०० अंशांवर तापवलेली काच कमकुवत होते; मग तुमच्या आलेखात जी घट दिसेल ती सिलेनची की भट्टीची, हे परीक्षकांना सांगता येणार नाही. शक्य असेल तर सायझिंगविना तंतू मिळवा.

सिलेनची निवड रेझिन पाहून करायची. त्याचं एक टोक काचेच्या पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटांशी जोडलं जातं, दुसरं रेझिनशी. पॉलिएस्टरला मेथाक्रिलॉक्सी सिलेन, कारण ते स्टायरीनबरोबरच्या साखळीत सामील होतं. एपॉक्सीला अमिनो सिलेन. मेथाक्रिलॉक्सीसाठी ॲसेटिक ॲसिडने पाण्याचा पीएच ४ च्या आसपास आणा, सिलेन ०.१ ते ०.५ टक्के घाला आणि द्रावण स्वच्छ होईपर्यंत ढवळा. अमिनो सिलेनला ॲसिडची गरज पडत नाही. तंतू बुडवून, निथळून, ११० अंशांच्या आसपास काही मिनिटं वाळवा. जाड थर देण्याचा मोह टाळा. सिलेनवर सिलेन साचलं की तो थरच मधल्या मध्ये फाटतो.

चाचणी फक्त कोरड्या नमुन्यावर करू नका. खरा फरक पाण्यात दिसतो. आखूड नमुना वाकवून थरांमधली कातर-ताकद मोजा, तसेच नमुने पाण्यात उकळून पुन्हा मोजा. सिलेन नसलेला नमुना कोरडा असताना बरा वाटतो, उकळल्यावर कोसळतो. तुटलेली बाजू मायक्रोस्कोपखाली पाहा : तंतू नागडे, चकचकीत असतील तर पकड नाही, अंगाला रेझिन चिकटलेलं असेल तर आहे.

प्रश्न : चाकणला ३० टक्के काच असलेल्या पॉलिप्रॉपिलीनचे पार्ट काढतो. तुटलेल्या जागी तंतू उपटून आलेले दिसतात.

पॉलिप्रॉपिलीनला काचेशी जोडून घेणारं काही नसतं. मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन १-२ टक्के घालून सुरुवात करा. ते तंतूवरच्या अमिनो सिलेनशी जुळतं. तंतूही पॉलिप्रॉपिलीनसाठीचाच हवा, नायलॉनचा उरलेला नको. तरीही तंतू उपटत असतील तर त्यांची लांबी तपासा. तंतू ठरावीक लांबीपेक्षा आखूड झाला की तुटण्याआधीच सुटतो, आणि पकड जितकी कच्ची तितकी ही लांबी जास्त लागते. पार्टचा तुकडा जाळून उरलेले तंतू मोजा. कंपाउंडिंग (प्लास्टिकमध्ये काच मिसळण्याचं काम) तुमच्याकडेच होत असेल तर काच प्लास्टिक वितळल्यानंतर, पुढच्या फीडरमधून सोडा. दाण्यांबरोबर घशात टाकलीत तर स्क्रू तिचा भुगा करतो.

प्रश्न : पकड जितकी घट्ट तितकं चांगलं, असंच ना?

ताकदीसाठी आणि पाण्यातल्या टिकाऊपणासाठी हो. पण धक्का झेलताना तंतू सुटणं, सरकणं यातच बरीच ऊर्जा खर्च होते. म्हणून गोळी अडवणाऱ्या पॅनेलमध्ये पकड मुद्दाम कमी ठेवतात.

प्रश्न : जुन्या पॉलिएस्टर होडीवर नवा थर धरत नाही.

जुनं रेझिन पूर्ण पक्कं झालेलं असतं. रासायनिक जोड जवळपास मिळत नाही, खडबडीतपणावरच भिस्त. आधी होडी पूर्ण सुकू द्या. मेणाचा थर असेल तर तो काढा, नाहीतर घासताना मेण आत जातं. मग ६०-८० नंबरच्या पेपरने चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासा, धूळ झटका, ॲसिटोनने पुसा आणि ते उडून जाऊ द्या. पहिला थर मॅटचा, वोव्हन रोव्हिंगचा (जाड विणलेल्या काचकापडाचा) नको. भार येणाऱ्या जागी सरळ एपॉक्सी वापरा. मात्र त्यावर पुन्हा पॉलिएस्टर चढवू नका, तिथे भरवशाची पकड मिळत नाही, रंगानेच झाका.