वाचकांचे प्रश्न : जिममध्ये आवाज मोठा, पण गाणं कळत नाही

प्रश्न : नव्या जिमचं काम चालू आहे. हॉल २० मीटर लांब, १२ मीटर रुंद, छत ४ मीटरवर. विक्रेता म्हणतो, चार कोपऱ्यांत १५ इंची वूफरचे चार मोठे स्पीकर टांगा, विषय संपला. आमच्या डोक्यात छताला आठ-दहा लहान स्पीकर आहेत. कोणाचं ऐकावं?

उत्तर : स्वतःचं ऐका, फक्त आकडा बारावर न्या.

कोपऱ्यातल्या स्पीकरपासून हॉलचा मध्य सुमारे पावणेबारा मीटरवर येतो. अंतर दुप्पट झालं की स्पीकरकडून थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे स्पीकरपासून दोन मीटरवर डंबेल मारणाऱ्याच्या आणि मधल्या माणसाच्या कानावर पडणाऱ्या थेट आवाजात १५ डेसिबलचा फरक. भिंतींवरून परतणारा आवाज हा फरक थोडा भरून काढतो खरा, पण तो उशिरा पोचतो, त्यामुळे शब्द आणि ठेका दोन्ही चिखल होतात. मग मधले लोक ‘वाढवा’ म्हणतात, कोपऱ्यातले ‘कमी करा’ म्हणतात आणि रिसेप्शनवरचा मुलगा दिवसभर बटण फिरवत बसतो.

छताच्या स्पीकरचा हिशेब सोपा आहे. उभ्या माणसाचा कान साधारण १.७ मीटरवर. छत ४ मीटरवर, म्हणजे मधे २.३ मीटर. स्पीकर ९० अंशांच्या कोनात आवाज पसरवणारा असेल तर कानाच्या पातळीवर त्याचं वर्तुळ या अंतराच्या दुप्पट, ४.६ मीटर व्यासाचं पडतं. लांबीत ५ मीटरवर एक असे चार आणि रुंदीत ४ मीटरवर एक असे तीन बसवा. झाले बारा. भिंतीकडचे स्पीकर लांबीच्या टोकांना भिंतीपासून अडीच मीटरवर आणि बाजूंना दोन मीटरवर येतील. माहितीपत्रकातला ९० अंशांचा कोन सगळ्या स्वरांना लागू नसतो. वरच्या स्वरांना तो अरुंद होतो. म्हणून लांबीच्या दिशेने यापेक्षा जास्त ताणू नका. ट्रेडमिलवरच्या माणसाचा कान आणखी वर जातो, तिथलं वर्तुळ आणखी लहान होतं, त्यामुळे त्या रांगेवर स्पीकर जरा जवळजवळ घेतले तरी चालतील.

आता पॉवर. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (एक वॉट दिल्यावर एक मीटरवर मिळणारा आवाज) ८९ डेसिबल धरा. २.३ मीटरवर त्यातले ७ जातात, म्हणजे एका वॉटला कानाशी ८२. सरासरी ८५ हवेत आणि ड्रमचे ठोके त्याच्या १२ वर जातात, म्हणजे ९७ पर्यंत मोकळी जागा पाहिजे. ८२ ते ९७ हे १५ डेसिबलचं अंतर, म्हणजे सुमारे ३२ पट पॉवर. प्रत्येक स्पीकरला ३० वॉट पुरतात, कारण शेजारचे स्पीकरही थोडी भर घालतात. ‘हजार वॉटचा स्पीकर’ ही जाहिरात बघून निवड करू नका. सेन्सिटिव्हिटी ३ डेसिबलने जास्त असलेला स्पीकर निम्म्या पॉवरमध्ये तेवढाच वाजतो.

प्रश्न : बारा स्पीकर एका ॲम्प्लिफायरवर कसे जोडायचे? इलेक्ट्रिशियन म्हणतो, सगळे समांतर जोडून टाकतो.

उत्तर : साधे ८ ओहमचे असतील तर त्याला हात लावू देऊ नका. बारा स्पीकर समांतर म्हणजे रोध (इम्पिडन्स) उतरून ०.६७ ओहम, ॲम्प प्रोटेक्शनमध्ये जाईल (स्वतःला वाचवायला बंद होईल) किंवा जळेल. इतक्या स्पीकरना १०० व्होल्ट लाइन हाच मार्ग. त्यात प्रत्येक स्पीकरच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याचा टॅप (स्पीकर किती वॉट घेईल ते ठरवणारी निवड) किती वॉटवर ठेवायचा ते तुम्ही ठरवता. मग समांतर जोडणी चालते, फक्त टॅपची बेरीज करायची. १२ गुणिले ३० म्हणजे ३६० वॉट. ॲम्प ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नये, म्हणून ४५० वॉटच्या खालचा नको. ५०० चा घ्या. व्होल्टेज जास्त असल्याने तारेतून पूर्ण पॉवरलाही जेमतेम ३.६ अँपिअर जातात, त्यामुळे १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल सहज पुरते. लाइन फार लांब असेल तर २.५ ची ओढा.

सगळ्यात जास्त घोळ टॅपच्या फिरत्या बटणाशी होतो. स्पीकरच्या पुढच्या जाळीमागे किंवा पाठीवर हे लहान बटण असतं: ३०, १५, ७.५ आणि एका टोकाला ‘८ ओहम’. त्या टोकाला ट्रान्सफॉर्मर बाजूला पडतो. बारापैकी एकच स्पीकर चुकून तिथे राहिला तर तो एकटा १०० व्होल्टवर साडेबाराशे वॉट मागतो. आवाज वाढवला की ॲम्प बंद आणि दोष मात्र ॲम्पला. म्हणून स्पीकर वर चढवण्याआधी जमिनीवरच प्रत्येक बटण तपासा आणि वर मार्करने आकडा लिहा. ॲम्पला लाइन जोडण्यापूर्वी इम्पिडन्स मीटरने मोजा. ३६० वॉटच्या भाराला सुमारे २८ ओहम दिसले पाहिजेत. बरेच कमी दिसले तर कुठेतरी टॅप चुकलाय किंवा तारा चिकटल्यात. साधा मल्टिमीटर इथे फसवतो, तो ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीचा डीसी रोध दाखवतो.

दुसरी गोष्ट, ट्रान्सफॉर्मरला खालचा बेस झेपत नाही. त्याचा लोखंडी गाभा चुंबकत्वाने भरून जातो, आवाज फाटतो आणि ॲम्पवर भलताच ताण येतो. लाइनवर ७० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर (त्याखालचे स्वर अडवणारा) लावाच. धडधड हवीच असेल तर दोन सबवूफर (फक्त खालच्या बेसचे स्पीकर) घ्या आणि त्यांना वेगळा, साध्या ४ किंवा ८ ओहमचा ॲम्प द्या. मग वरच्या स्पीकरचा फिल्टर १०० पर्यंत नेता येतो आणि त्यांचा आवाज एकदम मोकळा होतो.

प्रश्न : ट्रेडमिल चालू केली की स्पीकरमधून ‘झ्झ्झ’ येतं. वेग वाढवला की सूरही चढतो.

उत्तर : सूर वेगाबरोबर बदलतो म्हणजे तो मोटरच्या कंट्रोलरचा कचरा आहे. एकसारखी, न बदलणारी गुणगुण असती तर अर्थिंगचा लूप (उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह) म्हटलं असतं. गाणी लॅपटॉपवरून वाजत असतील तर आधी त्याचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवा. आवाज गेला, तर लॅपटॉप आणि ॲम्प यांच्यामध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (थेट विजेची जोडणी तोडून फक्त सिग्नल पुढे देणारा) टाका. नाही गेला, तर सोर्सकडून ॲम्पपर्यंतची आरसीए केबल (घरगुती यंत्रांची साधी केबल) काढून एक्सएलआर बॅलन्स्ड केबल (वाटेत शिरलेला कचरा रद्द करणारी) टाका. पाच मीटरपेक्षा लांब आरसीए या ठिकाणी अँटेनासारखीच वागते. ऑडिओ केबल ट्रेडमिलच्या वायरपासून निदान ३० सेंटिमीटर दूर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. ऑडिओ रॅकला (ॲम्प वगैरे ठेवायच्या कपाटाला) स्वतंत्र सर्किट द्या. अर्थिंगची पिन तोडून गुणगुण घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला रॅकजवळ फिरकू देऊ नका.

प्रश्न : ग्रुप क्लासच्या खोलीत दोन महिन्यांत तीन ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारे छोटे स्पीकर) गेले. कंपनी म्हणते, स्पीकर लहान पडतोय.

उत्तर : बहुधा ॲम्प लहान पडतोय आणि ट्रेनर जास्त पिळतोय. ॲम्प क्षमतेबाहेर गेला की लहरीची टोकं कापली जातात. कापलेल्या लहरीत वरच्या स्वरांची ऊर्जा वाढते आणि ठोक्यांमधली विश्रांतीही नाहीशी होते. ट्वीटरची बारीक कॉइल ही सततची उष्णता सोसत नाही. फोनमधल्या इक्वलायझरवर बेस ६ डेसिबलने चढवला तर तेवढ्या भागात चौपट पॉवर लागते, हे ट्रेनरना सांगितलेलं नसतं. उपाय असा: ॲम्पच्या आधी डीएसपी (सिग्नलवर डिजिटल प्रक्रिया करणारं यंत्र), त्यात लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीवर रोखणारा), आणि ट्रेनरच्या हाती फक्त भिंतीवरचं एक व्हॉल्यूम बटण, ज्याची कमाल मर्यादा तुम्ही आत ठरवलेली. रॅकला कुलूप. मर्यादा ठरवताना मीटर ए-वेटिंगवर (कानाच्या संवेदनशीलतेनुसार मोजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून खोलीच्या मध्यभागी मोजा. ८५ डेसिबलला आठ तास ही कानाच्या सुरक्षिततेची सर्वमान्य शिफारस आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. सदस्य तासाभराने घरी जातो. ट्रेनर दिवसाला चार-पाच क्लास घेतो.

हेडसेट माइकची शिट्टी येत असेल तर आधी इक्वलायझर नको, उभं राहण्याची जागा बदला. ट्रेनर मुख्य स्पीकरच्या मागे असावा. माइकवर १५० हर्ट्झचा हाय-पास लावा, आणि घामासाठी माइकच्या टोकावरचा स्पंज रोज बदला. घाम केबलवरून ट्रान्समीटरच्या जॅकमध्ये उतरतो, म्हणून केबलला एक वळसा देऊन ती टेपने चिकटवा. थेंब वळशाच्या तळाशीच गळतो.

प्रश्न : सगळं नवीन, तरी हॉल घुमतो. आणखी स्पीकर लावू?

उत्तर : नको. आरसे, काच, उघडं काँक्रीट, घुमणारच. तुमचा हॉल पहिल्या प्रश्नातल्याएवढा, म्हणजे ९६० घनमीटरचा धरू. एकूण शोषण ७० चौरस मीटर असेल तर घुमण्याचा काळ (आवाज ६० डेसिबलने विरायला लागणारा वेळ) ०.१६१ गुणिले ९६० भागिले ७०, म्हणजे २.२ सेकंद. छताला ८० चौरस मीटर शोषक पॅनेल लावले (शोषणाचा गुणांक ०.८, म्हणजे ६४ ची भर) तर शोषण १३४ होतं आणि काळ १.१५ सेकंदांवर येतो. एवढ्यात गाण्याचे शब्द कळायला लागतात. पॅनेल ५० मिलिमीटरचे आणि छतापासून थोडे खाली लोंबते ठेवा, खालचे स्वरही धरतील. जमिनीच्या रबरवर भिस्त ठेवू नका; पडलेलं वजन ते पोटात घालतं, आवाज फारसा नाही.

प्रश्न : ब्लूटूथने वाजवलं तर काय बिघडतं?

उत्तर : फोन खिशात घालून माणूस पाणी प्यायला जातो आणि गाणं तुटतं. कॉल आला की रिंगटोन साऱ्या हॉलभर. तारेने जोडलेला स्ट्रीमर किंवा जुना टॅबलेट रॅकमध्येच ठेवा. सिग्नल मोनो (डावा-उजवा मिळून एकच) करा, नाहीतर डाव्या स्पीकरखालच्याला अर्धंच गाणं मिळेल. पण त्यासाठी वाय-केबलने डावा-उजवा चॅनेल सरळ एकत्र चिकटवू नका, दोन्ही आउटपुट एकमेकांवर ढकलतात आणि आवाज बिघडतो. मिक्सरने किंवा डीएसपीने करा. आणि घरगुती स्ट्रीमिंगचं खातं व्यावसायिक जागेत चालत नाही. तिथे सार्वजनिक वादनाचा परवाना आणि व्यवसायासाठीची सेवा लागते.

प्रश्न : खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. सबवूफर बंद करावे का?

उत्तर : आधी तक्रार नेमकी कशाची आहे ते शोधा. जिम रिकामी असताना दहा मिनिटं नेहमीच्या आवाजात वाजवा, मग दहा मिनिटं संगीत बंद ठेवून बारबेल नेहमीसारखी टाका, आणि खाली उभ्या माणसाला फोनवर विचारा. दोन्ही कारणांचे उपाय वेगळे आहेत. बारबेल असेल तर प्लॅटफॉर्मखाली जाड रबर आणि लाकडाचे थर द्यावे लागतात, तिथे ध्वनियंत्रणेचा संबंध नाही. संगीत असेल तर सब जमिनीवर थेट न ठेवता मऊ आयसोलेशन पॅडवर ठेवा आणि कोपऱ्यातून बाहेर काढा. तरी ऐकू आलं तर सबची पातळी ३-३ डेसिबलने उतरवत जा.