पेडेरस ओळखताना रंगावर जाऊ नकोस

घोडबंदरच्या गॅलरीत दिव्याखाली मिळालेला तुझा नारिंगी-काळा, निळसर आखूड पंखकवचांचा (पंखांवरच्या कडक झाकणांचा) किडा पेडेरसच आहे, म्हणजे त्या नावाच्या भुंगेऱ्यांच्या गटातला. पण लगेच ‘फ्युसिपेस’ ही त्यातली जात लिहू नकोस. याच रंगांच्या कितीतरी जाती आहेत. पंखकवचं छातीच्या ढालीपेक्षा (डोक्यामागच्या कडक भागापेक्षा) लांब की आखूड, ते मोज. मग नर शोध: पोटाच्या टोकाशी, खालच्या बाजूला खोल खाच असते. खरा निकाल त्याच्या जननेंद्रियाच्या आकारावर लागतो, त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली विच्छेदन हवंच. मादी असेल तर सरळ ‘पेडेरस, जात अनिश्चित’ लिही, त्यात कमीपणा नाही. अंगावर बसला तर फुंकर मार, चिरडू नकोस. त्याच्या अंगातल्या पेडेरिन या विषाने त्वचा भाजल्यासारखी होते. आणि येऊरच्या संरक्षित जंगलात परवानगीशिवाय फक्त फोटो, बाबा!