रिअर स्टिअरिंग कधी करावं: मागच्या चाकांना पकड हवी असेल तेव्हाच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढची दोन चाकं दोन वेगळ्या मोटरवर, मागची दोन चाकं टाय रॉडने (दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याने) जोडून एका मोटरने वळवायची. रोबोट जागेवर छान वळतो, पण भिंतीजवळ मागचा कोपरा अडकतो आणि वेगात सरळ जाताना नागमोडी होतो. रचना ठेवावी की बदलावी?

आधी एक गोष्ट तपासा. पुढच्या दोन चाकांना स्वतंत्र मोटर आहेत म्हणजे रोबोट किती वळणार हे त्या दोन वेगांतल्या फरकानेच ठरून गेलंय. मागचं स्टिअरिंग फक्त त्याला 'हो' म्हणू शकतं किंवा विरोध करू शकतं. विरोध झाला की चाकं घासतात आणि करंट वाढतो. मागे ओम्नी व्हील (परिघावर छोटे रोलर असलेली, बाजूलाही सहज सरकणारी चाकं) लावली तर वळणाचं केंद्र तिथेच, पुढच्या ॲक्सलच्या रेषेवर राहतं आणि एक मोटर, एक सेन्सर, दोन पिव्हट (चाक ज्याभोवती वळतं ते सांधे) वाचतात. मग मागची चाकं वळवून मिळतं काय? वळताना मागे टिकून राहणारी पकड. ओम्नीवर असलेल्या रोबोटला कोणी मागच्या कोपऱ्यात बाजूने ढकललं की तो पुढच्या चाकांभोवती गरकन फिरतो. वळवलेलं रबरी चाक तसं होऊ देत नाही. तुमच्या रोबोट-स्पर्धेच्या खेळात धक्काबुक्की असेल, किंवा मागची चाकंही मोटरने चालवायची असतील, तरच हा खटाटोप करा. नुसतं वळायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: ओम्नी लावा आणि वाचलेला वेळ इनटेकला (वस्तू आत ओढून घेणाऱ्या यंत्रणेला) द्या.

आता रचना ठेवायचीच असं धरून बोलतो.

कोपरा अडकणं हा दोष नाही, भूमितीच तशी आहे. रोबोट पुढच्या ॲक्सलभोवती फिरतो, त्यामुळे उजवीकडे वळायला मागची बाजू आधी डावीकडे जाते. ॲक्सलमधलं अंतर 60 सेमी असेल तर जागेवर नुसतं 10 अंश वळलं तरी मागचा ॲक्सल सुमारे 10 सेमी बाहेर सरकतो. डावीकडे भिंत 5 सेमीवर असेल तर पुढे जात तिच्यापासून सुटणं अवघडच, आधी रिव्हर्स घ्यावा लागतो. फोर्कलिफ्ट मागून वळते ती याच भूमितीच्या फायद्यासाठी: भार पुढच्या ॲक्सलवर, आणि काटे हवे तिथे बरोबर लागतात. तुमचं इनटेक पुढे आहे, म्हणून जवळच्या कामात रोबोट तुम्हाला आवडतोय.

वेगात मात्र हाच गुण उलटतो. 1933 च्या तीनचाकी डायमॅक्शन कारचं मागचं चाक 90 अंशांपर्यंत वळायचं. ती जवळजवळ स्वतःच्या लांबीत फिरायची, पण वेगात सांभाळायला कठीण होती. 1997 मध्ये ध्वनीच्या वेगापलीकडे गेलेली थ्रस्ट एसएससी ही कार मागच्या चाकांनीच वळायची. म्हणजे अशक्य काही नाही, पण तिथे कोन अगदी थोडे होते. तुमच्याकडे नागमोडीची कारणं दोन दिसतात. पहिलं, उशीर: 3 मीटर प्रति सेकंद वेगात स्टिअरिंग 0.15 सेकंद मागे पडलं तर तेवढ्यात रोबोट 45 सेमी पुढे गेलेला असतो, आणि ड्रायव्हर जास्तीची दुरुस्ती करून बसतो. दुसरं कारण सहसा कोणी बघत नाही. पुढचं स्टिअरिंग सोडून दिलं तर चाक सरळ व्हायला बघतं. मागच्यात वेगाने वळताना चाक सोडलं तर वळण आणखी आवळतं. म्हणून गिअरमध्ये प्ले (दातांमधली ढिलाई) असेल तर चाक तेवढ्यापुरतं सतत चुकीच्या बाजूला झुकत राहतं. स्टिअरिंगला वर्म गिअरसारखी उलटी न फिरणारी रचना द्या, आणि ॲब्सोल्यूट एन्कोडर (प्रत्यक्ष कोन मोजणारा सेन्सर) मोटरवर न लावता थेट पिव्हटवर लावा.

टाय रॉडबद्दल: 60 सेमी लांबी, 50 सेमी रुंदी आणि 60 सेमी त्रिज्येच्या वळणावर आतल्या चाकाचा कोन सुमारे 60 अंश हवा, बाहेरच्याचा 35. पंचवीस अंशांचा हा फरक साध्या टाय रॉडने सगळ्या कोनांवर साधत नाही. लहान कोनांवर चालून जातं, मोठ्या कोनांवर एक चाक ओढलं जातं. दोन्ही चाकांना वेगळ्या मोटर देणं हा खरा उपाय.

'मग मागे एकच चाक ठेवू' असं कोणीतरी सुचवेलच, म्हणून त्याचंही गणित देतो. गुरुत्वमध्य पुढच्या ॲक्सलच्या मागे 20 सेमी आणि जमिनीपासून 25 सेमी उंच धरा. चार चाकांवर आधाराची कड गुरुत्वमध्यापासून बाजूला 25 सेमीवर असते, तीन चाकांवर जेमतेम 17 सेमीवर. म्हणजे 1 जी (गुरुत्वाकर्षणाइतकं बाजूचं त्वरण) ऐवजी 0.67 जी ला रोबोट कलंडू लागतो. 3 मीटर प्रति सेकंदाने दीड मीटर त्रिज्येचं वळण घेतलं की 0.61 जी तिथेच झाले. त्यात वर हात उंचावलेला असेल तर सांगायलाच नको.

पिव्हटचा अक्ष चाक जमिनीला टेकतं त्या जागेच्या बरोबर मधोमध यायला हवा. तसं असेल तर 10 किलो भार असलेलं 25 मिमी रुंद चाक उभ्या जागी वळवायला साधारण 0.6 न्यूटन मीटर पुरतात. तेच चाक 30 मिमी बाहेर काढलं, तर 100 न्यूटनचा प्रत्येक धक्का स्टिअरिंगवर 3 न्यूटन मीटर टाकतो. गिअरचे दात तुटतात ते अशा धक्क्यांनीच. भार पेलायला थ्रस्ट बेअरिंग घाला, बोल्टवर सोडू नका.

सगळ्यात स्वस्त सुधारणा कोडमध्ये आहे, तीच आज करा. हाच रोबोट उलटा चालवला की तो पुढच्या स्टिअरिंगचा होतो. कंट्रोलरवर एक बटण ठेवा: लांबचं अंतर वळणारी चाकं पुढे ठेवून कापायचं, कामाच्या जागी बटण दाबून इनटेक पुढे घ्यायचं. दिशा बदलताना जॉयस्टिकचे डावे-उजवेही त्याच ओळीत बदला, नाहीतर ड्रायव्हर गोंधळेल. इनटेक पुढे असताना वेग 1 मीटर प्रति सेकंदावर बांधून टाका, आणि दोन्ही दिशांना वेग वाढेल तसा कमाल कोन कमी करा. एवढं करून एका भिंतीलगत आणि एकदा मोकळ्या जागेत पूर्ण वेगाने चालवून बघा, आणि स्टिअरिंगचा मागितलेला कोन व प्रत्यक्ष कोन यांचा आलेख इथे टाका. त्यात उशीर जास्त आहे की प्ले, ते लगेच कळेल.