जुन्या इंग्लिश फर्निचरचं मोल: वाचकांचे प्रश्न

लेस्टरमध्ये घर घेतलं, तेव्हा आधीच्या मालकांनी महोगनीचं चार खणांचं कपाट तसंच सोडून दिलं. शेजारी म्हणतात, ‘जॉर्जियन, म्हणजे इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळातलं आहे, दोनशे वर्षांचं तरी असेल.’ खरं कसं ओळखायचं?

पुढच्या बाजूकडे पाहूच नका. एक खण पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करून खिडकीजवळ न्या. फर्निचर आपलं वय लपवतं ते दर्शनी भागात. खणाच्या पोटात लपवायचे कष्ट फारसं कुणी घेत नाही.

आधी कोपऱ्यातला डोव्हटेलचा, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवलेला सांधा बघा. हाताने कापलेल्या सांध्याचे दात कमीजास्त रुंदीचे असतात आणि आखणीची बारीक रेघ लाकडावर तशीच राहिलेली दिसते. सगळे दात एका मापाचे, एका अंतरावर असतील तर ते यंत्राचं काम, म्हणजे एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध किंवा त्यानंतरचं. मग खणाचा तळ बघा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तळाच्या फळीचे रेषे पुढून मागे जात असत. पुढे ते डावीकडून उजवीकडे जाऊ लागले. तळावर करवतीच्या खुणा सरळ असतील तर हातकरवत, कमानीसारख्या असतील तर गोल करवत, आणि ती एकोणिसाव्या शतकातली. कुलपाचा एखादा स्क्रू सैल असेल तर काढून पाहा. टोक बोथट आणि डोक्यावरची खाच जराशी तिरकी असेल तर तो साधारण १८५०च्या आधीचा. अर्थात स्क्रू बदलता येतो, म्हणून एकट्या स्क्रूच्या साक्षीवर निकाल देऊ नये.

सगळ्यात बोलकी असतात ती मुठींची भोकं. फॅशन बदलली की मुठी बदलत, आणि प्रत्येक बदलाची भोकं खणाच्या पुढच्या फळीला राहत. आतून तीन जोड्या भोकं दिसतात आणि बाहेर मात्र एकीचीच खूण आहे, असं असेल तर बाहेरचं व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पापुद्रा, नंतर चढवलेलं आहे. ते व्हिनियर किती जाड आहे तेही कडेला पाहा. हातकरवतीने काढलेला पापुद्रा चांगला दीड-दोन मिलिमीटरचा असतो, तर यंत्राच्या पात्याने कापलेला कागदासारखा पातळ.

लाकूडही थोडं सांगतं. ढोबळमानाने सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ओक, मग अक्रोड, आणि १७२०नंतर महोगनी. १७०९च्या कडाक्याच्या थंडीत फ्रान्समधली अक्रोडाची झाडं मोठ्या प्रमाणावर मेली, तर १७२१च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठली. महोगनीच्या भरभराटीला दोन्हींचा हातभार लागला. पण महोगनी व्हिक्टोरिया राणीच्या काळातही भरपूर वापरली गेली. तेव्हा नुसतं लाकूड पाहून ‘जॉर्जियन’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना चहा पाजा आणि खण उलटा करून दाखवा.

आमच्या राइटिंग ब्युरोची (लिहायच्या खणांच्या मेजाची) किंमत विम्याच्या जुन्या कागदात १,८०० पौंड लिहिली आहे. लिलाववाला म्हणतो, शंभर-दीडशे येतील. नक्की कोण फसवतंय?

बहुधा कुणीच नाही. विम्यासाठीची किंमत म्हणजे अशीच वस्तू उद्या चांगल्या दुकानातून परत घ्यायची झाली तर लागणारा पैसा. लिलावातली किंमत म्हणजे त्या दिवशी त्या हॉलमध्ये दोन माणसांना ती किती हवी होती, एवढंच. या दोन आकड्यांत मोठी तफावत असायचीच. तुमचा कागद जुना असेल तर ती आणखी वाढते, कारण २०००च्या दशकाच्या सुरुवातीपासून गडद तपकिरी फर्निचरचे भाव जे घसरले, ते पुन्हा पूर्वीच्या जागी आलेले नाहीत. फ्लॅट लहान झाले, संगणकामुळे ब्युरोचं कामच संपलं, आणि आजीच्या काळातलं जड कपाट नातवंडांना नकोसं झालं. ब्युरोला तर याचा सगळ्यात मोठा फटका बसला.

ब्रिटनमधल्या वारसा कराच्या कामासाठी तिसरीच किंमत लागते. मृत्यूच्या तारखेला खुल्या बाजारात काय आलं असतं, ती. म्हणून मूल्यांकन करायला सांगताना ‘कशासाठी’ हे आधी सांगा, आणि कागदावर ते कारण व तारीख दोन्ही लिहून घ्या. लिलावात विकायचं ठरवलंत तर हातोड्याच्या किमतीतून लिलावघराचं कमिशन, फोटोचा आणि वाहतुकीचा खर्च वजा होतो. घेणाऱ्याला वर वेगळा प्रीमियम भरावा लागतो आणि बोली लावताना तो हे धरूनच चालतो.

माझं मत विचाराल तर विकू नका, वापरा. हाताने सांधलेला, सव्वाशे वर्षं टिकलेला ब्युरो दीडशे पौंडांना देऊन तेवढ्याच पैशात भुसा दाबून बनवलेलं टेबल आणायचं, हा व्यवहार मला कधीच पटलेला नाही.

टेबल काळपट दिसतंय, वर चहाच्या कपाचे पांढरे गोल डाग आहेत. सुतार म्हणतो, घासून नवं पॉलिश मारतो. करू?

नको. सुताराला आत्ता थांबवा. ज्याला तुम्ही काळपटपणा म्हणता, ती मेण, हातांचा स्पर्श, धूळ आणि उजेड यांनी दोन-दोन शतकांत बनलेली झळाळी आहे, आणि जाणकार पैसे मोजतो ते तिचेच. पॉलिशपेपर फिरला की ती अर्ध्या तासात जाते आणि परत आणता येत नाही.

साधारण १८२०नंतर इंग्लंडमध्ये फ्रेंच पॉलिशची पद्धत रुजली. ते म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, आपल्याकडच्या लाखेचाच. स्पिरिटमध्ये विरघळतं म्हणूनच त्यावर व्हिस्की सांडली की वाट लागते, आणि स्पिरिटने पुसायला गेलात तर पॉलिशच निघून येतं. पांढरा डाग म्हणजे बहुतेक वेळा वरच्या थरात अडकलेली वाफ. तो लाकडापर्यंत गेलेला नसतो, आणि पॉलिशचं काम जाणणारा माणूस टेबल न घासता तो काढू शकतो. काळा डाग मात्र लाकडात मुरलेला असतो. तो राहू द्या.

एरवी काय करायचं? मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसायची आणि वर्षातून एकदा-दोनदा मधमाश्यांच्या मेणाचं पॉलिश अगदी पातळ लावून भरपूर चोळायचं. फवाऱ्याच्या डब्यातली सिलिकॉनची पॉलिशं घरातही आणू नका. त्यावर पुढे दुसरं पॉलिश नीट धरत नाही. जवसाचं तेलही नको. ते काळं पडतं आणि चिकट होऊन धूळ धरतं.

हिवाळ्यात हीटिंग सुरू केल्यापासून कपाटाच्या बाजूच्या फळीला उभी भेग पडली आहे.

कपाट रेडिएटरपासून दूर हलवा, खोलीत आर्द्रता मोजायचं साधं यंत्र ठेवा आणि ती ४५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहील असं पाहा. भेग लगेच भरू नका. उन्हाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा भरलेला मसाला फळीला उलट आणखी फाडतो.

खुर्चीच्या पायांना टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसतात. घरभर कीड पसरेल का?

भोकं म्हणजे भुंगेरा बाहेर पडून गेल्याची खूण. ती जुनीही असू शकतात. खुर्चीखाली काळा कागद अंथरा आणि मे ते ऑगस्ट लक्ष ठेवा. कागदावर फिकट पीठ सांडलेलं दिसलं आणि भोकाच्या कडा ताज्या, फिकट असतील तरच कीड चालू आहे असं समजा. अळी आत तीन ते पाच वर्षं पोखरत राहते, पण तिला थोडं ओलसर लाकूड लागतं. गरम, कोरड्या घरात ती सहसा तग धरत नाही. तळघरातून किंवा गॅरेजमधून आणलेल्या वस्तूवर मात्र शंका घ्याच. औषध मारायचं तर पॉलिश नसलेल्या बाजूने मारा. खुर्ची मौल्यवान असेल तर संवर्धक ती उणे ३० अंशांत तीन दिवस गोठवतात. त्यात रसायन लागतच नाही.

दुकानदार सहा खुर्च्यांच्या संचाला ‘चिपेंडेल’ म्हणतो.

लंडनमधला फर्निचर बनवणारा थॉमस चिपेंडेल याने १७५४ साली नमुन्यांचं पुस्तक छापलं आणि देशभरच्या सुतारांनी त्यावरून काम केलं. पुढे व्हिक्टोरियन आणि एडवर्डियन कारखान्यांनीही केलं. स्वतः चिपेंडेल आपल्या वस्तूंवर शिक्का मारत नसे. त्याचं काम ओळखतात ते मुख्यतः यॉर्कशरमधल्या हेअरवुड हाउससारख्या मोठ्या घरांतल्या जुन्या बिलांवरून. तेव्हा दुकानदाराला विचारा, ‘चिपेंडेलची की चिपेंडेल पद्धतीची?’ आणि उत्तर पावतीवर लिहून घ्या. गंमत म्हणजे खुर्चीच्या पायाच्या टोकाला गोळा पकडलेला पंजा लोक चिपेंडेलची खूण मानतात, आणि त्याच्या पुस्तकात तो पाय नाहीच. खुर्च्यांच्या चौकटीत आणि बैठकीत छिन्नीने कोरलेले रोमन आकडे जुळतात का, तेही पाहा. चार खुर्च्यांचे भाग वाटून सहा केलेले संच बाजारात कमी नाहीत.

पुण्याहून: पणजोबांनी मायदेशी निघालेल्या एका इंग्रज साहेबाच्या लिलावात घेतलेली, पितळी कोपऱ्यांची, दोन तुकड्यांत सुटणारी खणांची पेटी आमच्याकडे आहे. लंडनला पाठवून विकावी का?

वर्णनावरून ती लष्करी अधिकाऱ्यांची प्रवासी पेटी दिसते. मुठी फळीत बुडालेल्या आणि पाय पिळून निघणारे असतील तर जवळजवळ नक्कीच. अशा पेट्या लंडनमध्ये बनत तशाच सागवानात भारतातही बनत, त्यामुळे तुमची ‘इंग्लिश’ असेलच असं नाही. त्याने बिघडतही नाही, तिकडे दोन्हींना गिऱ्हाईक आहे.

अडचण आहे ती पाठवण्यात. शंभर वर्षं ओलांडलेली वस्तू भारताच्या १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला मिळतो का ते बघा. लाकूड शिसवी निघालं तर निर्यातीचे वन्यप्रजातींचे नियमही लागू होतात. तोवर पेटी भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, पावसाळ्यात वाळवीसाठी तळ तपासत राहा, आणि सांधा सुटला तर सुताराला फेव्हिकॉल लावू देऊ नका. जुना सांधा सरसाचा असतो. ऊब आणि ओल दिली की तो सुटतो, म्हणून दुरुस्त होतो. फेव्हिकॉलने धरलेला सांधा पुढच्या वेळी लाकूड फोडूनच उघडावा लागतो.