मुंबईला दुसऱ्यांदा जाताय? स्टेशन धरून फिरा

गेटवे, मरीन ड्राइव्ह, हाजी अली, सिद्धिविनायक आणि घारापुरी पहिल्या खेपेला झालंय. आता तीन दिवस आहेत, गर्दीची ठिकाणं नकोत आणि खाणं चांगलं हवं, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत असं की दुसऱ्या खेपेला ठिकाणांची यादी करूच नये. एक स्टेशन निवडायचं, तिथे उतरून चालत फिरायचं आणि त्याच भागात जेवायचं. मुंबईत वेळ जातो तो दोन टोकांच्या मधल्या प्रवासात. सकाळी मलबार हिलचा बाणगंगा तलाव आणि दुपारी बोरिवलीची कान्हेरी लेणी असा बेत केलात तर दोन्ही अर्धवट राहतील.

दिवस ठरवण्याआधी सुट्ट्या बघा. भायखळ्याची राणीची बाग (प्राणिसंग्रहालय) आणि शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं. कान्हेरी सोमवारी बंद. माटुंग्याचं कॅफे मद्रासही सोमवारी बंद असतं.

तुम्ही घारापुरी पाहिलीय, म्हणून सुरुवात भायखळ्यापासून करा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं ते तिथल्या दगडी हत्तीमुळे, आणि तो हत्ती आज बेटावर नाही, राणीच्या बागेत आहे. १८१४ मध्ये त्याचं डोकं आणि मान तुटून पडली. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, तेव्हा उचलताना तो पडला आणि आणखी फुटला. १९१४ मध्ये तुकडे जोडून तो उभा केला. जवळ जाऊन पाहिलंत तर सांधे दिसतात. ज्या पुतळ्यावरून काळा घोडा हे नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा मूळ अश्वारूढ पुतळाही १९६५ पासून याच बागेत आहे. काळा घोडा चौकात तुम्ही पाहिलेला स्वाराविना घोडा २०१७ चा. शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये सुरू झालं. तिथे जुन्या मुंबईतले लोक, त्यांचे व्यवसाय आणि पोशाख मातीच्या छोट्या प्रतिकृतींतून मांडलेत. त्यांना निवांत वेळ द्या. संग्रहालय आणि बाग मिळून तीन तास लागतातच.

तिथून माटुंग्याला जेवायला. इथे एक चूक हमखास होते. माटुंगा, माटुंगा रोड आणि किंग्ज सर्कल ही तीन वेगळी स्टेशनं आहेत. तुम्हाला हवं ते मध्य रेल्वेचं माटुंगा, आणि तिथे फास्ट लोकल थांबत नाही. भायखळ्याहून स्लोच पकडा. फास्टमध्ये चढलात तर दादरलाच उतरून गाडी बदला, नाहीतर थेट कुर्ल्याला पोचाल. स्टेशनच्या पूर्वेला लागूनच ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. आधी कुपन घ्यायचं, मग नंबर लागतो. केळीच्या पानावरचं जेवण घ्या. रात्रीपर्यंत भूक लागणार नाही, म्हणून संध्याकाळी दुसरं मोठं जेवण ठरवू नका. नाश्त्याला जायचं असेल तर राम आश्रय किंवा कॅफे मद्रास. रविवारी नऊ ते अकरा दोन्हीकडे मोठी रांग असते. सात-साडेसातला पोचलात तर लगेच जागा मिळते. दारावरच्या माणसाकडे नाव लिहायला विसरू नका, नुसतं उभं राहून नंबर लागत नाही.

दुसरा दिवस गिरगावला द्या, आणि सकाळीच. चर्नी रोडला पूर्वेकडे उतरा, किंवा भुयारी मेट्रोने गिरगाव स्टेशनला. विनय हेल्थ होममध्ये मिसळ, पणशीकरांकडे पीयूष. पीयूष हे श्रीखंडासारखं गोड, दाट पेय; जड असतं, दोघांत एक पुरे. मग खोताची वाडी: लाकडी जिने, पुढे ओसरी असलेली जुनी ख्रिस्ती घरं, आणि सगळीकडून उंच इमारतींनी घेरलेली गल्ली. ही राहती घरं आहेत. गल्लीचे फोटो काढा, पण उघड्या दारातून आत कॅमेरा रोखू नका; ओसरीवर कोणी बसलं असेल तर आधी विचारा. जुन्या लेखांत इथल्या अनंताश्रमाचं कौतुक वाचाल. ती खानावळ केव्हाच बंद झाली.

गिरगावहून टॅक्सीने बाणगंगेला. समुद्र अगदी जवळ असूनही या तलावाचं पाणी गोडं आहे, कारण खाली जिवंत झरा आहे. तलाव आणि वाळकेश्वराचं मंदिर १७१५ मध्ये रामा कामत यांनी पुन्हा बांधलं. पितृपक्षात मात्र जाऊ नका. विधींची प्रचंड गर्दी असते. परतताना धोबी तलावावर कयानी या इराणी हॉटेलात चहा आणि बन मस्का घ्या. ते १९०४ पासून आहे. बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियाचा बेरी पुलाव खायचा असेल तर दुपारीच जा.

तिसरा दिवस फक्त कान्हेरीचा. बोरिवली पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचं गेट आहे, पण लेणी तिथून सहा-सात किलोमीटर आत. उद्यानाच्या वाहनाने जा आणि परतीची शेवटची गाडी कधी, हे चढतानाच विचारा. उद्यानाचं आणि लेण्यांचं तिकीट वेगवेगळं लागतं. बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहापाशी (प्रार्थनेच्या लेण्यापाशी), तिथल्या दोन उंच बुद्धमूर्ती पाहून परत फिरतात. तुम्ही तसं करू नका. दगडात कोरलेल्या पायऱ्यांनी वर चढा. जवळपास प्रत्येक विहाराबाहेर, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्याबाहेर, पाण्याची पोढी (खडकात खोदलेलं टाकं) दिसेल. तिच्या तोंडापासून मागे नजर न्या, की खडकात खोदलेली अरुंद पन्हळ सापडते. डोंगरावर पडलेला पाऊस या पन्हळींतून पोढीत उतरायचा, आणि त्यावर भिक्षूंची इथली वस्ती चालायची. ४१ व्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व आहे, तो चुकवू नका. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो, पण शेवाळावर पाय घसरतो. पकड असलेले बूट घाला. माकडं पिशव्या ओढतात, खाण्याचं पुडकं हातात ठेवू नका. पोटभर नाश्ता करूनच आत जा आणि माणशी दोन लिटर पाणी घ्या.

प्रवासाचं थोडं. रिक्षा वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला चालत नाहीत, तिथे काळी-पिवळी टॅक्सी किंवा बेस्ट बस. लोकलचं तिकीट मोबाइलवर काढणार असाल तर स्टेशनबाहेर असतानाच काढा. रविवारी मेगाब्लॉक (रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या) असतो, त्यामुळे त्या दिवशी मध्य रेल्वेवर दुपारचा बेत नको. शनिवारी वेळापत्रक बघून ठेवा. ब्लॉकमध्ये स्लो गाड्या फास्ट मार्गाने वळवतात आणि माटुंग्यासारखी छोटी स्टेशनं नेमकी तेव्हाच सुटतात.