निदेशक तत्त्वं आयर्लंडची की 1935 च्या कायद्याची?

साताऱ्यात एमपीएससीचा अभ्यास करताना एका पुस्तकात राज्यघटनेतल्या निदेशक तत्त्वांचा, म्हणजे सरकारने कायदे आणि धोरणं करताना पाळायच्या तत्त्वांचा, उगम आयर्लंड आणि दुसऱ्यात 1935 चा ब्रिटिशकालीन भारत सरकार कायदा असं वाचलं, खरं काय, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही खरं आहे.

नाव आणि शब्दरचना आयर्लंडची. त्यांच्या 1937 च्या घटनेचं कलम 45 आणि आपलं कलम 37 शेजारी ठेवून वाचा. कायदे करताना ही तत्त्वं लक्षात घ्यायची, पण त्यांवरून कोर्टात जाता येणार नाही, हे दोन्हीकडे सापडेल.

पण आपल्याकडे ही कल्पना आधीच रुळलेली होती. 1935 च्या कायद्यात गव्हर्नर जनरल आणि गव्हर्नरांना इन्स्ट्रुमेंट ऑफ इन्स्ट्रक्शन्स, म्हणजे सूचनापत्र मिळायचं. मंत्री निवडताना विधिमंडळात स्थिर बहुमत कोणाच्या पाठीशी आहे ते बघा, महत्त्वाच्या अल्पसंख्याक समाजांना शक्य तितकं सामावून घ्या, अशा त्यात सूचना असत. आणि कायद्याचं कलम 53 सांगतं की सूचना मोडल्या म्हणून गव्हर्नरच्या कृतीच्या वैधतेवर प्रश्न उठवता येणार नाही. घटनेच्या मसुद्यातल्या चौथ्या अनुसूचीतही राज्यपालांसाठी अशाच सूचना होत्या, त्या 1949 मध्ये वगळल्या.

4 नोव्हेंबर 1948 च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी निदेशक तत्त्वं म्हणजे या सूचनापत्राचंच दुसरं नाव असं सांगितलं. फरक एकच, या सूचना विधिमंडळ आणि कार्यकारी मंडळाला आहेत. माझ्या मते उत्तराचा गाभा त्यांच्या पुढच्या मुद्द्यात आहे: तत्त्वं मोडली तर कोर्टात नाही, पण निवडणुकीत मतदारांपुढे जाब द्यावा लागेल. गव्हर्नर लंडनला बांधील होता, आपलं सरकार मतदाराला. वर्णनात्मक उत्तरात बहुतेक जण हेच सोडतात.

दुसरी चूक म्हणजे 'कोर्टात चालत नाही, म्हणजे निरुपयोगी' असं लिहिणं. उदाहरणाला कलम 40, ग्रामपंचायती, घ्या. नुसत्या कलम 40 वर खटाव किंवा आटपाडीतल्या गावाला कोर्टातून पंचायतीची निवडणूक मागता आली नसती. पण याच तत्त्वाला कायद्याचं बळ देणारी 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली आणि कलम 243-ई मुळे पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घेणं बंधनकारक झालं. औंध संस्थानात तर 1939 सालीच गावपंचायतींच्या पायावर राज्यघटना उभी राहिली होती. आटपाडी तेव्हा त्याच संस्थानात होती, आपल्या भागातलं हे उदाहरण उत्तरात जरूर वापरा.